खाणीचं बारावं चित्र

सोमवार, २ ऑक्टोबर

आज मी खोटं बोलले. प्रदर्शनाच्या बाईंचा फोन आला होता. त्यांनी विचारलं, "बारावं चित्र पूर्ण आहे ना?" मी म्हटलं, "हो, वाळतंय." फोन ठेवून तिथेच खुर्चीवर बसून राहिले. चहा गार झाला, त्यावर साय धरली.

बारावं चित्र वाळत नाहीये. मागच्या खोलीत ते भिंतीकडे तोंड करून उभं आहे आणि त्याच्यावर वाळण्यासारखं काही नाहीच.

हे गेले त्याला चार महिने झाले. संग्रहालयाने यांच्या खाणीच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलंय, नोव्हेंबरच्या वीस तारखेला. एकच बंद पडलेली दगडाची खाण, तोच कडा, खाली तेच साचलेलं पाणी, बारा वेळा. पहिली आठ चित्रं यांनी एकट्याने केली. मग झटका आला आणि उजवा हात गेला. पुढची तीन आम्ही दोघांनी केली. हे बाहेर कुणाला माहीत नाही. लपवलं असं नाही, विषय निघाला नाही.

बाराव्यावर फक्त रेघा आहेत. मे महिन्यात एका सकाळी यांनी हट्टाने ब्रश डाव्या हातात धरला आणि पातळ तपकिरी रंगात कड्याच्या सात-आठ रेघा ओढल्या. लहान मूल पाटीवर ओढतं तशा. मग ब्रश माझ्याकडे दिला, म्हणाले, "आता तू." पण त्या दिवशी वारा ऐकेना, म्हणून घरी आलो. पुढच्या मंगळवारी हे गेले.

तेव्हा त्या रेघा म्हणजे यांच्या हाताचं शेवटचं काम. ते अर्धं राहता कामा नये. बाई दहा नोव्हेंबरला गाडी घेऊन येणार आहेत.

बुधवार, ४ ऑक्टोबर

सामान बांधलं. चित्र उभं करायचं ईझल, रंगपेटी, रंग लावायच्या दोन सुऱ्या, चिंध्या, टर्पेंटाइनची बाटली, पाण्याची बाटली, पाव, आणि वाऱ्यात ईझल उडू नये म्हणून त्याला टांगायची पिशवी. पिशवीत तिथलाच दगड भरतात, एवढं एक ओझं वाचतं. कॅनव्हास मात्र बगलेत मावत नाही. तो दोन्ही हातांनी पुढे धरून आडवं चालावं लागतं, वाऱ्याची झुळूक आली की माणूस शिडाच्या होडीसारखं भलतीकडे जातं.

बसचा ड्रायव्हर म्हणाला, "काकू, घर बदलताय का?"

मी म्हटलं, "घर तेच आहे, माणूस बदललं."

मला तसं म्हणायचं नव्हतं. म्हणायचं होतं की आधी दोघं यायचो.

थांब्यापासून खाण वीस मिनिटं, सगळा चढ. तीनदा खाली ठेवलं. मागच्या वर्षी हेच सगळं मी वाहायची आणि वर यांची चाकाची खुर्चीही ढकलायची. तेव्हा इतकं जड कसं लागलं नाही कळत नाही.

खाणीवर राखणदार आहे. खाण बंद होऊन वीस वर्षं झाली तरी आहे. काय राखता म्हणून विचारलं की म्हणतो, "खड्डा. कुणी उचलून नेऊ नये म्हणून." आज मला एकटीला बघून त्याने टोपी काढली. ईझल उभं करायला हात लावला. मी पेटी उघडली नाही. कड्याकडे बघत पाव खाल्ला आणि परत आले.

शनिवार, ७ ऑक्टोबर

आज पेटी उघडली, पांढऱ्याची ट्यूब दाबली, कालवायच्या पाटीवर काढला तेवढा रंग पुन्हा गोळा करून बरणीत भरला. तीन तासांत एवढंच.

कसं करायचो ते लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. हे खुर्चीत मागे, मी ईझलपाशी पुढे. हे सांगायचे, "वर डावीकडे गार. त्याच्या पोटात ऊब." मी सुरीने लावायची. लावताना वळून बघायचं नाही, कान मागे ठेवायचे. यांनी "हं" म्हटलं की तो तुकडा झाला. म्हटलं नाही तर लावत राहायचं. नववं चित्र केलं तेव्हा खूप बोलायचे, चिडायचेही. दहाव्याला कमी. अकराव्याला नुसतं हं. एका सकाळी तर सगळे मिळून चारच हं मिळाले, पण माझं काम अडलं नाही.

मी एकवीस वर्षं बेकरीत केकवर क्रीम लावलं. सुरी चपटी धरून ओढली की सपाट बसतं, शेवटी टोक उचललं की कड येते, आणि कड आली की तिची स्वतःची सावली पडते. रंगाचंही तेच, फक्त रंग जास्त अडतो, खांद्यातून ओढावा लागतो. पहिल्या दिवशी मी भीतभीत चिमूटभर रंग घेतला तर हे म्हणाले, "कंजूषपणा कसला? वाढदिवस समज!" लोकांसमोर मला केकवाली म्हणायचे. मला राग यायचा नाही.

परत निघताना राखणदार म्हणाला, "साहेब नाहीत तर चुकल्यासारखं होतं. शेवटीशेवटी झोपलेलेच असायचे, तरी होते."

मी म्हटलं, "झोपत नव्हते. डोळे मिटून बघायचे."

"घोरत बघायचे?"

मी त्याच्या चहाचा रिकामा पेला त्याच्या हातात दिला आणि निघाले. लांबून बघणाऱ्याला काय कळणार. माझ्या कानांनी ऐकलंय.

सोमवार, ९ ऑक्टोबर

वन्सं वर आल्या होत्या. यांची मोठी बहीण, खालच्या मजल्यावर राहतात. जिना चढायला त्यांना दहा मिनिटं लागतात आणि बोलायला एक.

"दार उघडं टाकून रडत जाऊ नकोस. खाली ऐकू येतं मला."

"रडत नव्हते वन्सं. ट्यूबचं झाकण अडकलं होतं."

"झाकणासाठी एवढं?"

"पकडीने उघडलं शेवटी."

त्या खुर्चीवर बसल्या आणि अकराव्या चित्राकडे बघत राहिल्या. ते समोरच्या भिंतीवर टांगलंय. मग म्हणाल्या, "पूर्ण कर आणि मोकळी हो. नाहीतर करू नकोस आणि मोकळी हो. पण हे असं लोंबकळत नको राहूस."

"मला एकटीला कसं जमेल?"

"आजवर कोण होतं?"

"हे होते की."

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना ऐकू कमी येतं अलीकडे, म्हणून मी मोठ्याने पुन्हा म्हटलं, "हे होते!" त्या म्हणाल्या, "ऐकलं गं," आणि कठडा धरत खाली गेल्या.

वाचनालयातून पुन्हा तेच जाड पुस्तक आणलंय. दीडशे वर्षांपूर्वी काही चित्रकार खोली सोडून उन्हात गेले आणि जाड, ओबडधोबड रंगाने चित्रं काढू लागले, त्यांच्याविषयीचं. लोक म्हणाले, ही तर अर्धवट सोडलीत. मी शाळा सातवीत सोडली, त्यामुळे मला एकेक पान दोनदा वाचावं लागतं. त्यात उजेडाबद्दल पानंच्या पानं आहेत. सामान कुणी वाहिलं, ते कुठेच नाही.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

आज लावला.

वारा नव्हता. नऊ चाळीसला ऊन कड्याच्या उजव्या धारेवर आलं. हे असते तर म्हणाले असते, तिथे गार. पण मला तिथे गार काही दिसेना. मला कांद्याच्या सालीचा रंग दिसला, आतल्या सालीचा, आणि त्याच्या कडेला जांभळट. मी म्हटलं, आता सांगायला कोणी नाही तर दिसतं तेच लावू, दुसरं करणार काय. मोठी सुरी भरून घेतली आणि वरून खाली एका दमात ओढली. दगड फुटतो तशी कड आली. मग दुसरी. पाण्याला सुरी आडवी धरली, हात हलका ठेवला. अकरापर्यंत कुठे होते ते आठवत नाही. पाय थरथरायला लागले तेव्हा कळलं की उभी आहे.

यांच्या रेघा तीन ठिकाणी उघड्या ठेवल्या. त्यांच्यावर सुरी नेववेना. आश्चर्य म्हणजे त्या तिथे खटकत नव्हत्या. कपारीसारख्या दिसत होत्या.

राखणदार येऊन मागे उभा राहिला. मग म्हणाला, "झालं की वहिनी."

"कुठे झालं?"

"मला तरी झालेलं दिसतंय. पाणी ओलं आहे. वीस वर्षं बघतोय मी ते."

"तुम्ही खड्डा राखा," मी म्हटलं. तो हसला, पण हलला नाही.

मी सुरी हातात धरून थांबले, कान मागे ठेवून. मागे राखणदाराचा श्वास होता आणि गवताचा आवाज. म्हणजे झालं नव्हतं.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

उजव्या धारेवर आणखी एक थर. सकाळी घरी बघितलं तेव्हा छातीत बरं वाटलं होतं. पण मला बरं वाटणं वेगळं आणि हं वेगळं.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

पांढऱ्याची दुसरी मोठी ट्यूब संपली. कड्यावर रंग आता करंगळीएवढा जाड आहे. कॅनव्हास उचलताना पुढे झोकांडी जाते. रंगात वाळूचे कण बसलेत, एक मुंगीही आहे, काढायला गेले तर खड्डा पडला, म्हणून वरून रंग दिला.

मनगट सुजलंय. जाड रंग ओढवत नाही, म्हणून पाटीवर जवसाचं तेल जास्त घातलं. त्याने सुरी लोण्यातून जाते तशी जाते. आधीच का सुचलं नाही.

राखणदार आज लांबूनच म्हणाला, "वहिनी, आता कडा कमी आणि गिलावा जास्त दिसतोय."

मी त्याला सांगितलं नाही, पण मलाही तसंच वाटतं. गुरुवारचा कांद्याच्या सालीचा रंग आता नाही. सगळं मिळून धुण्याच्या पाण्यासारखं राखाडी झालंय. पण थांबायचं कुठे? पुस्तकात शोधलं. तिथे लिहिलंय, चित्र कधी संपलं ते चित्रकाराला कळतं. लिहिणाऱ्याला बरं आहे.

यांच्या रेघाही झाकल्या गेल्या. आत आहेत हे मला माहीत आहे, एवढं पुरे.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

आज ऊन कडक होतं. दहाच्या सुमारास मी पाण्यावर काम करत होते. वर काही हललं म्हणून बघितलं तर अख्खा कडा खाली येत होता. घाई न करता, अंगावरची चादर घसरावी तसा. आधी उजवी धार सुटली, मग तिने बाकीचं सोबत घेतलं. मी तळव्यांनी धरायला गेले. कोपरापर्यंत रंग झाला. उरलेलं माझ्या चपलांवर आणि गवतात पडलं.

तेलामुळे झालं. मला कळायला हवं होतं. बेकरीत लोणी जास्त झालं की क्रीम असंच उतरायचं.

क्रीम उतरलं की आम्ही काय करायचो, तर सगळं खरवडून केक पुसून घ्यायचा आणि पहिल्यापासून लावायचं. यांच्याबरोबरही तेच करायचो, बिघडलेला तुकडा खरवडायचा आणि टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसून कोरा करायचा. दोन वर्षं केलंय. हाताला वेगळं सांगावं लागत नाही. मी रुंद सुरी घेऊन वरपासून खालपर्यंत खरवडलं, वर्तमानपत्रात भरलं, गाठोडं लहान बाळाएवढं झालं. मग चिंधी भिजवून घासून पुसायला घेतलं. चांगलं जोर लावून, गोल गोल.

चिंधी तपकिरी झाली तेव्हा हात थांबला.

त्या रेघा पाच महिन्यांच्या होत्या, पण पातळ होत्या. नुसत्या टर्पेंटाइनमध्ये कालवलेल्या. एकही राहिली नाही. कॅनव्हास उन्हाकडे धरून बघितला, तिरका करून बघितला. मळकट राखाडी, बस्स.

राखणदाराने सामान थांब्यापर्यंत आणून दिलं. बस आल्यावर म्हणाला, "पुन्हा या." मी म्हटलं, "कशाला?"

रविवार, २९ ऑक्टोबर

नऊ दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. अंथरुणातून उठते, खिडकी उघडते, बंद करते. पुस्तक वाचनालयात परत दिलं.

काल बाईंना फोन केला. म्हटलं, "बारावं चित्र नाही."

"नाही म्हणजे?"

"झालं नाही. मी खोटं बोलले होते."

त्या म्हणाल्या, "काही हरकत नाही. अकरा पुष्कळ आहेत. आम्हाला तर शेवटची तीनच पाहिजेत खरं म्हणजे, बाकीची सोबतीला." सांत्वन म्हणून बोलल्या असतील.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

बाई आल्या, दोन हमाल घेऊन. तरुण आहेत, पायात जाड बूट, केस वर बांधलेले. सगळी चित्रं भिंतीला ओळीने लावली आणि त्या जमिनीवर उकिडव्या बसून बघायला लागल्या. पहिल्या आठांपुढे फार थांबल्या नाहीत. नवव्यापाशी थांबल्या, दहाव्यापाशी जास्त, अकराव्यापाशी तर गाल जवळ नेऊन तिरक्या बघत राहिल्या.

"या आठांत ते कड्याला जपून आहेत," त्या म्हणाल्या. "आणि इथे बघा, भीतीच गेली. एका दमात ओढलंय. हात गेलेल्या माणसाने हे कुठल्या ताकदीने केलं असेल?"

मी म्हटलं, "रंग मी लावत होते. यांचा हात चालत नव्हता."

त्यांनी माझा हात हातात घेतला. "कळतं मला. अशा माणसाच्या मागे कुणीतरी खंबीर उभं असतंच."

"मागे नाही," मी म्हटलं. "मागे हे बसायचे. मी पुढे उभी असायची."

त्या मोठ्याने हसल्या, हमालही हसले. मग बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, माहितीपत्रकात घालू, पत्नीची मोलाची साथ. मी पुन्हा सांगणार होते, पण सांगून काय होणार होतं? मी चित्रकार नाही, क्रीम लावणारी आहे. आणि ही तीन वजा केली तर शेवटची दोन वर्षं यांनी नुसती खुर्चीत बसून काढली, असं झालं असतं.

एक अडचण होती. या तिन्हींवर सही नाही. सहीशिवाय संग्रहालय भिंतीवर लावत नाही. त्यासाठी त्यांनी छापील कागद आणला होता, प्रत्येक चित्राला एक. "सदर चित्र माझ्या दिवंगत पतीने स्वहस्ते काढलेले आहे," आणि खाली पत्नीची सही. मी तिन्ही कागद वाचले, दोनदा वाचले. मग सही केली. बाई म्हणाल्या, "किती ठाम सही आहे तुमची."

हमालांनी चित्रं खाली नेली, मीही मागून उतरले. वन्सं जिन्याच्या तोंडाशी अंग चोरून उभ्या होत्या. गाडी गेल्यावर त्यांनी विचारलं, "त्या कागदांवर काय होतं?"

मी सांगितलं.

"आणि केलीस सही?"

"करणं भाग होतं. यांची राहून गेली ना. हात कुठे होता."

"डावा होता," वन्सं म्हणाल्या. "दवाखान्याच्या कागदांवर डाव्या हाताने सही करत होता तो. पोस्टात करत होता. मी विचारलं होतं त्याला, चित्रांवर का नाही टाकत म्हणून. या तिन्हींच्या वेळी विचारलं."

"मग?"

"'नाही टाकायची ताई,' म्हणाला. एवढंच. आणि तुझ्याकडे बघून हसला. तू सुऱ्या पुसत होतीस."

वन्संना आणखी काही म्हणायचं होतं बहुतेक. माझा दंड धरून ठेवला होता त्यांनी. पण मी तो सोडवून घेतला आणि वर आले.

आता खोलीच्या भिंतीशी काही नाही. पहिल्या आठही चित्रांवर यांची सही आहे, खाली उजव्या कोपऱ्यात, ठसठशीत. ती चित्रं त्यांना पसंत होती. या तिन्हींवर मुद्दाम टाकली नाही. म्हणजे ही चित्रं त्यांना आवडली नव्हती. माझ्या तोंडावर बोलले नाहीत, हसून घेतलं. एकदा सांगितलं असतं तर मी सगळं खरवडून पुन्हा लावलं असतं, माझी काही तक्रार नव्हती.

वीस तारखेला ती भिंतीवर लागतील. माझ्या हाताने बिघडवलेली चित्रं लोक यांच्या नावाने बघतील, आणि तसं लिहूनही मीच दिलंय.